रूटलाही कुंपण: एसईलिनक्समधील मर्यादित ॲडमिन भूमिकांचे परीक्षण

लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला एक अडचण कधी ना कधी भेडसावतेच. एखाद्या सहकाऱ्याचे काम वेब सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल बदलणे आणि सेवा पुन्हा सुरू करणे एवढेच असते. पण तेवढे करता यावे म्हणून त्याला रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार द्यावा लागतो, आणि रूट म्हटले की पासवर्डच्या फाइलपासून डेटाबेसपर्यंत सारे काही त्याच्या हाती जाते. यावर बहुतेक ठिकाणी सुडो, म्हणजे ठरावीक आदेश रूट म्हणून चालवू देणारे साधन, हा उपाय योजला जातो. तो उपयुक्त आहे, पण त्याची नजर दारापर्यंतच पोहोचते. सुडोच्या नियमांत एखाद्याला लॉग वाचण्यापुरता ‘लेस’ हा आदेश रूट म्हणून चालवण्याची मुभा दिली, तर तो लॉग उघडतो, उद्गारचिन्ह टाइप करून त्यापुढे ‘एसएच’ लिहितो, एंटर दाबतो, आणि त्याच्यासमोर रूटचे मोकळे शेल, म्हणजे हवा तो आदेश देण्याची जागा, येते. सुडोने जे विचारायचे ते आधीच विचारून झालेले असते. आत गेलेली प्रक्रिया पुढे काय करते, हे पाहणे त्याच्या कामात बसत नाही.

नेमकी हीच उणीव भरून काढणारी सोय एसईलिनक्स या लिनक्सच्या सुरक्षा-यंत्रणेत आहे, आणि तिचेच परीक्षण येथे करायचे आहे. एसईलिनक्स म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वेब सर्व्हर किंवा डेटाबेस यांसारख्या सेवांना बांधून ठेवणारी यंत्रणा येते. माणसांना, त्यातही ॲडमिनला, बांधून ठेवण्याची तिची बाजू मात्र फारशी वापरली जात नाही. गेली अडीच वर्षे मी ती बाजू रोजच्या वापरातील सर्व्हरांवर चालवत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: अरुंद भूमिकांपुरती ही सोय अतिशय भक्कम आहे, आणि तिच्यासाठी घ्यावे लागणारे कष्ट सार्थकी लागतात. तिच्यातील सर्वांत रुंद भूमिका मात्र नावाप्रमाणे ‘मर्यादित’ नाही, आणि तिच्यावर विसंबून कोणी निश्चिंत झाले तर त्याची फसगत होईल.

पार्श्वभूमी थोडक्यात. एसईलिनक्सचा पाया अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, घातला. डिसेंबर 2000 मध्ये तिचा स्रोत सर्वांसाठी खुला झाला आणि 2003 मध्ये ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, 2.6 च्या मालिकेत समाविष्ट झाली. फेडोरा कोअर 3 पासून, म्हणजे 2004 च्या अखेरीपासून, ती त्या वितरणात मुळातच सुरू असते. रेड हॅट कुळातील सर्व वितरणांत ती आज आपोआप येते, त्यामुळे वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

ती नेमके काय करते, हे समजल्याशिवाय पुढील परीक्षणाला अर्थ राहणार नाही. लिनक्सच्या पारंपरिक परवानग्या ऐच्छिक स्वरूपाच्या आहेत: फाइलचा मालक ठरवतो की ती कोणी वाचावी, आणि रूट या साऱ्या परवानग्यांच्या वरच असतो. एसईलिनक्सच्या अनिवार्य प्रवेश-नियंत्रणात हा निर्णय मालकाच्या हातात राहत नाही. प्रत्येक प्रक्रियेला आणि प्रत्येक फाइलला एक लेबल असते. कोणत्या लेबलच्या प्रक्रियेने कोणत्या लेबलच्या वस्तूवर काय करावे, हे पॉलिसी, म्हणजे नियमांचा संच, ठरवते, आणि पॉलिसीत जे लिहिलेले नाही ते नाकारले जाते. प्रक्रियेच्या लेबलचे चार भाग असतात: एसईलिनक्सचा वापरकर्ता, भूमिका, डोमेन (प्रक्रियेसाठी नियमांनी आखलेले आवार) आणि स्तर. यातील भूमिका हा दुवा महत्त्वाचा आहे, कारण कोणत्या माणसाला कोणत्या डोमेनमध्ये शिरता येईल हे तिच्यावरून ठरते. कर्नल आधी पारंपरिक परवानगी तपासतो, नंतर पॉलिसी. दोन्हींपैकी एकाने जरी नकार दिला तरी काम होत नाही. त्यामुळे ही यंत्रणा कोणाला जास्तीचा अधिकार देऊच शकत नाही, फक्त असलेला कमी करू शकते. माझ्या दृष्टीने हा तिचा फार मोठा गुण आहे: पॉलिसी लिहिताना चूक झाली, तरी पारंपरिक परवानग्यांची भिंत जागेवरच उभी असते.

आता एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एसईलिनक्सची अवस्था सांगणाऱ्या ‘गेटएनफोर्स’ या आदेशाने ‘एनफोर्सिंग’, म्हणजे नियम लागू, असे उत्तर दिले की ॲडमिनवरही बंधने आली, असे अनेकजण धरून चालतात. तसे नसते. ‘टार्गेटेड’ नावाच्या नेहमीच्या पॉलिसीत रूट आणि नव्याने तयार केलेले सर्व वापरकर्ते ‘अनकन्फाइन्ड_यू’ या वापरकर्त्याशी जोडलेले असतात, आणि या नावाचा अर्थच ‘बंधनमुक्त’ असा आहे. सेवा बांधलेल्या असतात, माणसे मोकळी असतात. ‘सेमॅनेज लॉगिन’ची यादी एकदा काढून पाहिली की हे लगेच दिसते. माणसांना बांधायचे असेल तर ही जोडणी स्वतः बदलावी लागते.

त्यासाठी काही तयार वापरकर्ते दिलेले असतात. ‘गेस्ट_यू’ला नेटवर्क वापरता येत नाही, ‘यूझर_यू’ला ‘एसयू’ (दुसऱ्या खात्यात शिरण्याचा आदेश) आणि सुडो दोन्ही बंद असतात, ‘स्टाफ_यू’ला सुडो चालते पण ‘एसयू’ चालत नाही, ‘सिसॅडएम_यू’ला दोन्ही चालतात. याशिवाय ॲडमिनसाठी अरुंद भूमिका असतात: वेब सर्व्हरसाठी ‘वेबॲडएम’, मारियाडीबी व पोस्टग्रेएसक्यूएलसाठी ‘डीबीॲडएम’, लॉगसाठी ‘लॉगॲडएम’, ऑडिटसाठी ‘ऑडिटॲडएम’ आणि सुरक्षा-पॉलिसीसाठी ‘सेकॅडएम’. मी ज्या मांडणीवर स्थिरावलो ती अशी: माणूस साध्या ‘स्टाफ’ भूमिकेत लॉगिन करतो आणि कामाच्या वेळी सुडोमधून अरुंद भूमिकेत शिरतो. सुडोच्या नियमातच भूमिका आणि डोमेन यांची नावे लिहिण्याची सोय आहे, त्यामुळे रूट होणे आणि भूमिका बदलणे एकाच पायरीत होते. ती भूमिका संबंधित एसईलिनक्स वापरकर्त्याच्या यादीत आधी जोडावी लागते, आणि जोडणी बदलल्यावर त्या माणसाच्या होम फोल्डरला ‘रिस्टोअरकॉन’ने पुन्हा लेबल लावावे लागते, हे विसरले तर लॉगिन होते, पण स्वतःच्याच फाइली उघडताना विचित्र अडचणी येतात.

‘वेबॲडएम’ भूमिकेची मी घेतलेली चाचणी जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण या सोयीचे खरे बळ तिथेच दिसते. सुडोमधून शेल उघडल्यावर ‘आयडी’ आदेशाने वापरकर्ता क्रमांक शून्य दाखवला, म्हणजे हा पारंपरिक अर्थाने पूर्ण रूट होता. त्याच शेलमधून ‘आयडी -झेड’ने मात्र डोमेन ‘वेबॲडएम_टी’ असे दाखवले. मग वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये बदल केला, जतन केला, ‘सिस्टिमसीटीएल’ने सेवा पुन्हा सुरू केली, सर्व काही सुरळीत झाले. त्यानंतर एसएसएचची सेवा पुन्हा सुरू करून पाहिली, तर ‘ॲक्सेस डिनाइड’ असे स्पष्ट उत्तर मिळाले. हे उत्तर कर्नलकडून आलेले नसते. सेवा चालू-बंद करणारी सिस्टिमडी ही यंत्रणा स्वतःच, सेवेच्या युनिट फाइलचे (सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलचे) लेबल पाहून, पॉलिसीला विचारते आणि नकार देते. शेवटी पासवर्डची ‘शॅडो’ फाइल वाचून पाहिली. शून्य क्रमांकाच्या रूटला ती वाचता आली नाही.

या शेवटच्या नकाराकडे जरा बारकाईने पाहावे असे मला वाटते. पॉलिसीत ‘वेबॲडएम_टी’ या डोमेनला पारंपरिक परवानग्या ओलांडण्याची क्षमता, जिला ‘डॅक ओव्हरराइड’ म्हणतात, दिलेली आहे. कारण वेबच्या वेगवेगळ्या मालकांच्या फाइली हाताळायला ती लागते. म्हणजे पारंपरिक बाजूने ‘शॅडो’ फाइलचे दार या प्रक्रियेसाठी उघडेच होते. अडवले ते फक्त लेबलने: ‘शॅडो_टी’ या प्रकारच्या फाइलला हात लावण्याचा नियम ‘वेबॲडएम_टी’साठी पॉलिसीत नाही, म्हणून काम झाले नाही. केवळ क्षमता काटछाट करून रूटला मर्यादित करण्याचा प्रयत्न मी पूर्वी केला होता. तिथे नेहमी असेच घोडे अडत असे: ही क्षमता दिली तर सगळ्याच फाइली उघड्या पडतात, न दिली तर काम होत नाही. लेबलमुळे तीच क्षमता वेबच्या फाइलींपुरती राहते.

आता सुरुवातीचा ‘लेस’चा प्रयोग याच भूमिकेतून केला. लॉग उघडला, उद्गारचिन्ह, ‘एसएच’, एंटर. शेल आले, रूटचेच आले. पण त्याचे डोमेन विचारले तर ‘वेबॲडएम_टी’च होते. नव्या प्रक्रियेला, पॉलिसीत वेगळा संक्रमणाचा नियम नसेल तर, जन्मदात्या प्रक्रियेचेच डोमेन मिळते. त्यामुळे संपादकातून, ‘लेस’सारख्या पेजरमधून किंवा एखाद्या स्क्रिप्टमधून कितीही शेल काढली तरी माणूस त्याच आवारात राहतो. सुडोच्या नियमांत पळवाटा शोधत बसण्याचे काम माझ्यापुरते तरी यामुळे जवळजवळ संपले.

या कल्पनेवर कोणाचा किती विश्वास असू शकतो, याचे एक जुने उदाहरण आहे. एसईलिनक्सच्या विकासकांपैकी एक असलेल्या रसेल कोकर यांनी डेबियनवर चालणारे एक मशीन इंटरनेटवर ठेवले होते आणि त्याच्या रूटचा पासवर्ड जाहीर करून टाकला होता. कोणीही यावे आणि रूट म्हणून लॉगिन करावे. त्या रूटची भूमिका सामान्य वापरकर्त्याइतकीच अरुंद ठेवलेली असे. रूट हे नाव आणि रूटचा अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे दाखवण्याचा याहून थेट मार्ग मला तरी सुचत नाही.

पण ‘सिसॅडएम’ या रुंद भूमिकेकडे वळले की चित्र बदलते, आणि इथेच पाणी मुरते. नाव पाहून वाटते की हा मर्यादित ॲडमिन आहे. काही बाबतींत तो तसा आहेही: मुळातल्या मांडणीत ‘सिसॅडएम_यू’ला एसएसएचमधून थेट लॉगिन करता येत नाही, त्यासाठी ‘एसएसएच_सिसॅडएम_लॉगिन’ हे बूलियन, म्हणजे पॉलिसीतील चालू-बंद करता येणारे बटण, सुरू करावे लागते. ही मांडणी योग्यच आहे, पण तिची माहिती नसेल तर फार त्रास होतो. एका दूरच्या सर्व्हरवर मी माझ्याच खात्याची जोडणी ‘सिसॅडएम_यू’शी केली आणि पुढच्या लॉगिनला दार बंद झाले. दुसरे सत्र उघडे ठेवलेले होते म्हणून ते बूलियन सुरू करून परत आत येता आले. ज्याला हा प्रयोग करायचा आहे त्याने दुसरे सत्र उघडे ठेवल्याशिवाय जोडणीला हात लावू नये.

खरा प्रश्न मात्र आत गेल्यानंतरचा आहे. मुळातल्या स्थितीत ‘सिसॅडएम’ भूमिकेला सुरक्षा-पॉलिसी बदलण्याचाही अधिकार असतो. म्हणजे ज्या नियमांनी त्याला बांधले आहे ते नियम तोच बदलू शकतो, आणि कुंपणानेच शेत खाण्याची सोय होते. हा अधिकार काढून घ्यायचा तर ‘सिसॅडएम_सेकॅडएम’ हे मॉड्यूल बंद करावे लागते आणि पॉलिसीची जबाबदारी ‘सेकॅडएम’ भूमिकेतील दुसऱ्या माणसाकडे द्यावी लागते. हे मी केले, आणि एक दिवस समाधानाने काढला. नंतर दोन वाटा लक्षात आल्या.

पहिली वाट पॅकेज व्यवस्थापकाची. ॲडमिनला पॅकेज बसवण्याचा अधिकार असतो, आणि तो असायलाच हवा असे वाटते. पण पॅकेजसोबत येणाऱ्या स्क्रिप्ट ज्या डोमेनमध्ये चालतात ते डोमेन टार्गेटेड पॉलिसीत बंधनमुक्तच धरलेले असते, कारण जगातले कोणते पॅकेज बसताना कशाला हात लावेल हे आधी सांगता येत नाही. स्वतः तयार केलेले एक लहानसे पॅकेज बसवले की त्यातील स्क्रिप्ट हवे ते करू शकते. दुसरी वाट सिस्टिमडीची. युनिट फाइल लिहिण्याची आणि ती सुरू करण्याची मुभा असेल, तर माणूस स्वतःची एक सेवा तयार करतो. ज्या प्रोग्रामसाठी वेगळे डोमेन ठरवलेले नाही तो सेवा म्हणून सुरू झाला की ‘अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी’मध्ये चालतो, आणि हे नावच पुरेसे बोलके आहे. दोन्ही वाटांनी काम माणसाच्या डोमेनमधून निघून दुसऱ्या, मोकळ्या डोमेनमध्ये जाते. पॉलिसीचा एकही नियम मोडावा लागत नाही.

म्हणून ‘सिसॅडएम’ भूमिकेला मी कुंपण मानत नाही. ती चुकून होणाऱ्या हानीला काही प्रमाणात आळा घालते, आणि एसईलिनक्सचा वापरकर्ता सुडोनंतरही तोच राहत असल्याने कोणत्या माणसाने काय केले याचा माग नोंदींमध्ये नीट लागतो. हे दोन्ही फायदे खरे आहेत. परंतु जो हेतुपुरस्सर बाहेर पडू पाहतो त्याला ती अडवत नाही. ‘अनकन्फाइन्ड’ची मॉड्यूल काढून टाकून पॉलिसी कडक करता येते, आणि बहुस्तरीय सुरक्षेच्या पॉलिसीत, जिला एमएलएस म्हणतात, पॉलिसीचा कारभार, ऑडिटचा कारभार आणि बाकीचा कारभार तीन वेगवेगळ्या माणसांकडे देता येतो. पण चार-पाच माणसांच्या गटासाठी ते नाकापेक्षा मोती जड होते. तिथे लहान भूमिका वाटून देणे आणि पॅकेज व युनिट फाइलींचा अधिकार विश्वासातल्या एक-दोघांकडेच ठेवणे मला अधिक व्यवहार्य वाटले. अरुंद भूमिकेच्या बाबतीतही हीच तपासणी करावी: ‘सेसर्च’ या साधनाने पॉलिसीला विचारावे की या डोमेनला कोणत्या युनिट फाइली लिहिता येतात, आणि कोणत्या दुसऱ्या डोमेनमध्ये जाता येते. या दोन प्रश्नांची उत्तरे पाहिल्याशिवाय कोणतीही भूमिका कोणाला देऊ नये.

वापरातील त्रासांपैकी सर्वांत मोठा त्रास मौनाचा आहे. साधारणपणे नकार मिळाला की ऑडिट लॉगमध्ये त्याची ओळ येते: कोणत्या डोमेनने, कोणत्या लेबलच्या वस्तूवर, कोणते काम करू पाहिले, आणि प्रोग्रामचे नाव काय. ही ओळ वाचायला शिकले की अर्धे काम होते. पण पॉलिसीत काही नकार ‘डोन्टऑडिट’ म्हणून नोंदवलेले असतात, म्हणजे नाकारावे पण लिहू नये. नोंदींचा कचरा होऊ नये हा त्यामागचा चांगला हेतू आहे. माझ्या एका सहकाऱ्याची प्रमाणपत्रे बदलणारी स्क्रिप्ट ‘वेबॲडएम’ भूमिकेत चालेना; पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’, ऑडिट लॉगमध्ये मात्र एकही ओळ नाही. फाइलीची परवानगी बरोबर, मालक बरोबर, लेबल बरोबर. दुपारभर आम्ही चुकीच्या जागी शोधत राहिलो. शेवटी ‘सेमॉड्यूल -डीबी’ हा आदेश देऊन पॉलिसीतील सर्व ‘डोन्टऑडिट’ नियम तात्पुरते बाजूला केले आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. लगेच ओळ उमटली. स्क्रिप्टची एक छोटी सेटिंगची फाइल रूटच्या होम फोल्डरमध्ये होती, त्या फोल्डरचे लेबल ‘ॲडमिन_होम_टी’, आणि त्यात शोध घेण्याची परवानगी या भूमिकेला नाही. फाइल वेबच्या कॉन्फिगरेशनच्या फोल्डरमध्ये हलवली, तिला लेबल लावले, आणि प्रश्न मिटला. काम झाल्यावर ‘सेमॉड्यूल -बी’ने ते नियम परत आणायला विसरू नये, नाहीतर लॉग भरून वाहू लागतो.

लेबलचाच आणखी एक नेहमीचा फटका म्हणजे ‘एमव्ही’ आणि ‘सीपी’ यांतील फरक. कॉपी केलेली फाइल नव्या जागेचे लेबल घेते, हलवलेली फाइल जुने लेबल सोबत आणते. होम फोल्डरमधून वेबच्या फोल्डरमध्ये हलवलेले पान म्हणूनच वेब सर्व्हरला वाचता येत नाही, आणि ‘रिस्टोअरकॉन’ चालवले की प्रश्न सुटतो. हे एकदा कळले की पुन्हा अडत नाही.

साधनांविषयी संमिश्र मत आहे. ‘सेसर्च’ आणि ‘सेइन्फो’ ही पॉलिसीला प्रश्न विचारण्याची साधने उत्तम आहेत. उत्तर नेमके मिळते आणि अंदाजावर विसंबावे लागत नाही. ‘ऑडिट2अलाउ’ हे साधन मात्र सर्वांत जास्त वापरले जाते आणि सर्वांत जास्त नुकसान करते. ते नकारांच्या ओळी वाचते आणि त्या सर्व मोकळ्या करणारे नियम लिहून देते. ॲडमिनच्या भूमिकेसाठी ते डोळे झाकून वापरले तर चाचणीत ‘शॅडो’ फाइल वाचण्याचा जो प्रयत्न केला, त्यालाही परवानगी देणारा नियम ते इमानेइतबारे लिहून देते. त्याने सुचवलेली प्रत्येक ओळ वाचावी, आणि आधी लेबल चुकले आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा नियम कमी पडलेला नसतो, फाइल चुकीच्या जागी किंवा चुकीच्या लेबलची असते.

तयार भूमिकांत आपले काम बसत नसेल तर स्वतःची भूमिका लिहावी लागते. ‘सेपॉलिसी जनरेट’ या साधनात मर्यादित ॲडमिनचा सांगाडा तयार करून देण्याचा पर्याय आहे. कोणत्या सेवांचा कारभार करायचा आहे ते सांगितले की तो पॉलिसीच्या फाइली लिहून देतो. नेमसर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्यासाठी मी अशी भूमिका केली. सांगाडा अर्ध्या तासात तयार झाला, पण ती भूमिका रोजच्या वापरायोग्य होण्यास दोन आठवडे लागले. या काळात ‘सेमॅनेज परमिसिव्ह’ने फक्त त्या एका डोमेनला परमिसिव्ह ठेवले होते: नकार नोंदवले जात, पण काम अडत नसे, आणि बाकीची सर्व यंत्रणा पूर्ण कडक राहत असे. हा पर्याय मला फार मोलाचा वाटतो. संपूर्ण सर्व्हर परमिसिव्ह करून ठेवण्याची आणि मग तो तसाच विसरून जाण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी तो अवश्य वापरावा. दस्तऐवजांची उणीव मात्र इथे जाणवते. सेवांना बांधण्याविषयी भरपूर लिहिलेले सापडते. माणसांच्या भूमिका लिहिण्याविषयी फारच थोडे, आणि बराचसा वेळ मूळ संदर्भ-पॉलिसीतील मॅक्रो, म्हणजे एका नावाखाली बांधलेले नियमांचे गट, वाचून त्यांचा अर्थ लावण्यात गेला.

ॲपआर्मरशी तुलना होणे स्वाभाविक आहे, म्हणून दोन शब्द. 2010 मध्ये 2.6.36 या आवृत्तीबरोबर कर्नलमध्ये आलेली ती यंत्रणा लेबलऐवजी फाइलच्या मार्गावरून निर्णय घेते, तिची प्रोफाइल वाचायला सोपी असतात, आणि एखाद्या सेवेला बांधायचे असेल तर तिच्यावर काम कमी वेळात होते. परंतु माणूस, त्याची भूमिका आणि त्या भूमिकेतून पोहोचता येणारी डोमेन ही साखळी तिच्या रचनेच्या केंद्रस्थानी नाही. ॲडमिनचे अधिकार वाटून देण्यासाठी मी तिची शिफारस करणार नाही.

कुंपणाचा पाया कर्नलमध्ये आहे, हेही लक्षात ठेवावे लागते. कर्नलमध्येच दोष असेल आणि त्याचा कोणी फायदा घेतला, तर पॉलिसी त्याच्यापुढे टिकत नाही. म्हणून कर्नलचे मॉड्यूल चढवणे रोखणारे ‘सिक्युअर_मोड_इन्समॉड’ आणि पॉलिसी व तिची अवस्था बदलणे रोखणारे ‘सिक्युअर_मोड_पॉलिसीलोड’ ही दोन बूलियन पाहण्यासारखी आहेत. दुसरे एकदा सुरू केले की चालू यंत्रणेत ते परत मागे घेता येत नाही, पुन्हा बूट करावे लागते. हे बंधन रूटलाही लागू असल्याने नेमके हवे तेच होते, पण एखादे साधे बूलियन बदलायचे राहून गेले असेल तर तेही मग बदलता येत नाही. सर्व मांडणी पक्की झाल्यावरच त्याला हात लावावा. आणि बूट करतानाची वाट उघडी राहिली तर हे सारे व्यर्थ जाते: बूटलोडरमध्ये कर्नलच्या ओळीत ‘एनफोर्सिंग=0’ असे लिहिले की यंत्रणा परमिसिव्ह अवस्थेत उठते. बूटलोडरला पासवर्ड आणि डिस्कला एन्क्रिप्शन नसलेल्या मशीनवर, ज्याच्या हाती कन्सोल आहे, त्याच्यासाठी कोणतीही भूमिका अरुंद राहत नाही.

सध्या माझ्याकडील सर्व्हरांवर चार सहकारी ‘वेबॲडएम’ आणि ‘डीबीॲडएम’ भूमिकांत काम करतात, नेमसर्व्हरची भूमिका पाचव्याकडे आहे, आणि पॅकेज बसवण्याचा अधिकार दोघांकडेच आहे. एक बंधनमुक्त खातेही ठेवले आहे. ते फक्त कन्सोलवरून उघडते, त्याचा पासवर्ड पाकिटात सीलबंद आहे, आणि पाकीट उघडले की त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा असे ठरले आहे. अडीच वर्षांत ते दोनदा उघडावे लागले. एकदा डिस्क भरून ऑडिटची सेवा अडकली होती तेव्हा, आणि एकदा नेमसर्व्हरच्या नव्या भूमिकेतला एक नियम मीच चुकीचा लिहिला होता तेव्हा.